तिसरा रिचर्ड, सातवा हेन्री आणि तीन मुलं

मागच्या व्याख्यानात आपण चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीपर्यंत आलो होतो. आज पुढची पंचवीसेक वर्षं, म्हणजे १४८३ ते १५०९. पण एकामागून एक लढाया सांगत बसायचं नाही असं ठरवलं आहे. त्याऐवजी दोन माणसं समोर ठेवू : तिसरा रिचर्ड आणि सातवा हेन्री. एकाने दुसऱ्याचा रणात पाडाव केला आणि मुकुट घेतला. तेव्हापासून दोघांच्या कीर्तीची लढाई चालू आहे, आणि गंमत अशी की ती तराजूसारखी चालते. रिचर्डचं पारडं वर गेलं की हेन्रीचं खाली येतं. रिचर्ड राक्षस असेल तर हेन्री देशाला वाचवणारा. आणि रिचर्ड अन्याय झालेला सज्जन ठरला, की हेन्री लगेच कंजूष, पाताळयंत्री, काहींच्या मते तर बालहत्याराच.

आम्हाला हा तराजू मान्य नाही. दोघांचे कागद वेगवेगळे वाचायला हवेत. राजवाड्यांनी आपल्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक शिकवला. तोच इथे लावून बघू.

आधी घटना थोडक्यात. ९ एप्रिल १४८३ रोजी चौथा एडवर्ड वारला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. मागे पाच मुली आणि दोन मुलगे : थोरला एडवर्ड बारा वर्षांचा, धाकटा रिचर्ड नऊ वर्षांचा. आणि एक भाऊ, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड, तीस वर्षांचा, उत्तर इंग्लंडचा अनेक वर्षांचा कारभारी. बारा वर्षांचा पोरगा आता पाचवा एडवर्ड झाला आणि लंडनकडे निघाला. ३० एप्रिलला स्टोनी स्ट्रॅटफर्ड इथे काकाने त्याला ताब्यात घेतलं आणि त्याच्याबरोबरच्या मामाला, लॉर्ड रिव्हर्सला, अटक केली. काका ‘प्रोटेक्टर’ झाला, म्हणजे अज्ञान राजाचा पालक. १३ जूनला लॉर्ड हेस्टिंग्ज, हा मेलेल्या राजाचा जिवलग, त्याचं चौकशीविना टॉवरमध्येच डोकं उडवलं. १६ जूनला धाकटा पोरगा आईकडून काढून टॉवरमध्ये थोरल्याजवळ नेला. २२ जूनला लंडनमध्ये प्रवचनातून जाहीर करण्यात आलं की ही मुलं अनौरस आहेत. २६ जूनला रिचर्ड गादीवर बसला, ६ जुलैला राज्याभिषेक. सगळं मिळून तीन महिन्यांच्या आत!

मुलं त्यानंतर हळूहळू दिसेनाशी झाली.

इथे मराठी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच शनिवारवाडा उभा राहतो, ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं. साहजिक आहे. पण हे साम्य जरा जपून वापरावं. नारायणरावाच्या खुनाची रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि सत्तेवर असलेल्या काकाला दोषी धरलं. लंडनच्या पोरांच्या बाबतीत जाहीर चौकशी कुणीच केली नाही. काकाने केली नाही, हे समजू शकतं. काकाला मारून आलेल्या शत्रूनेही केली नाही, हे मात्र लक्षात ठेवा. त्याकडे आपण परत येणार आहोत.

आता बखरींकडे. रिचर्डची जी प्रतिमा जगभर पोचली ती शेक्सपिअरच्या नाटकातून : कुबडा, वाळलेल्या हाताचा, हसत हसत खून करणारा. नाटक १५९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, म्हणजे घटनेनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेलं, आणि तेही हेन्रीच्या नातीच्या राज्यात. शेक्सपिअरचा बराच मसाला टॉमस मोरकडून आला. मोर मोठा माणूस, पण १४८३ मध्ये तो पाच वर्षांचा होता, आणि पुढे तो लहानाचा मोठा झाला जॉन मॉर्टनच्या घरात. हा मॉर्टन म्हणजे हेस्टिंग्जला मारलं त्याच दिवशी रिचर्डने अटक केलेला बिशप. म्हणजे मोरने जे ऐकलं ते कुणाच्या ओसरीवर ऐकलं, हे उघड आहे. मोरने ते पुस्तक अर्धवट टाकलं आणि स्वतः छापलंही नाही.

पण बखरकाराचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे जॉन राउस. वॉरिकजवळचा हा पाद्री. रिचर्ड जिवंत असताना त्याने वॉरिकच्या घराण्याचा एक सचित्र इतिहास गुंडाळीवर तयार केला आणि त्यात रिचर्डची तोंडभर स्तुती केली : प्रजेचं भलं करणारा, गुन्हेगारांना शासन करणारा राजा, वगैरे. मग राज्य बदललं. राउसने पुढचा ग्रंथ नव्या राजाला, हेन्रीला अर्पण केला, आणि त्यात लिहिलं की रिचर्ड दोन वर्षं आईच्या पोटात होता आणि जन्मला तेव्हा तोंडात दात आणि खांद्यापर्यंत केस होते! बिचाऱ्याची पंचाईत अशी झाली की पहिल्या गुंडाळीची एक प्रत त्याच्या हाताबाहेर गेली होती. स्वतःजवळची लॅटिन प्रत त्याने दुरुस्त केली. बाहेर गेलेली इंग्रजी प्रत तशीच राहिली. आज दोन्ही आहेत. शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

मात्र एवढ्यावरून ‘रिचर्डवरचे सगळे आरोप ट्यूडरांनी रचले’ असं म्हणता येत नाही. रिचर्डचे कैवारी हीच उडी मारतात. कारण एक साक्षीदार असा आहे, की ज्याला ट्यूडरांशी काही देणंघेणं नव्हतं. डोमिनिको मॅन्चिनी नावाचा इटालियन १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता. जुलैत तो निघून गेला आणि डिसेंबरात फ्रान्समध्ये त्याने आपला वृत्तांत पुरा केला. तेव्हा हेन्री ट्यूडर हा एक कफल्लक निर्वासित होता. तो राजा होईल असं पैजेवर कुणी सांगितलं नसतं. मॅन्चिनीचं हस्तलिखित शतकानुशतकं कुणाला माहीत नव्हतं, १९३४ मध्ये ते लील शहराच्या ग्रंथालयात सापडलं. तो सांगतो की मुलं आधी टॉवरच्या बागेत खेळताना दिसत, मग त्यांना आतल्या खोल्यांत हलवलं, मग गजांआडून क्वचित दिसू लागली आणि शेवटी दिसायची थांबली. बारा वर्षांच्या राजाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येताना त्याने पाहिलं. मुलाला मारलं असावं असा संशय होता, पण मारलं का आणि कसं, हे आपल्याला कळू शकलं नाही, असंही तो प्रामाणिकपणे लिहितो. त्याला इंग्रजी फारसं येत नसावं, गाठी पडल्या त्या बहुधा रिचर्डच्या विरोधकांशी. या मर्यादा धरूनही एवढं उरतं की संशय हेन्रीच्या दरबारात जन्मला नाही. तो १४८३ च्या उन्हाळ्यातच लंडनच्या रस्त्यावर होता.

आता शरीराबद्दल, कारण त्यावर तुमच्यापैकी बरेच जण विचारणार. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका कार पार्कखाली, जुन्या ग्रेफ्रायर्स मठाच्या जागी, सांगाडा सापडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो रिचर्डचाच असल्याचं जाहीर झालं. आईकडून चालत आलेला डीएनए त्याच्या बहिणीच्या आजच्या वंशजांशी जुळला. कणा बाजूला वाकलेला होता, याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि तो बाक किशोरवयात आला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर असणार. कुबड नव्हतं, वाळलेला हात नव्हता. बघा काय झालं : राउसने उजवा खांदा उंच म्हटलं होतं, मोरने डावा. दात घेऊन जन्मल्याची थाप मारणारा राउस खांद्याच्या बाबतीत बरोबर निघाला! बखर खोटी म्हणून सरसकट फेकून देता येत नाही ती अशी. राजघराण्याच्या संग्रहातल्या रिचर्डच्या चित्रातही क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा खांदा नंतर रंगवून वर केल्याचं आढळलं होतं. म्हणजे खरा बाक होता, आणि तो आणखी वाकवला गेला. हाडांवर मरतानाच्या अकरा जखमा आहेत, त्यातल्या नऊ कवटीवर. शिरस्त्राण पडलं किंवा काढलं गेलं होतं. तो शत्रूंच्या गर्दीत लढत मेला, हे त्याला नावं ठेवणाऱ्या क्रोलंडच्या वृत्तांतकारानेही मान्य केलं आहे.

बरं, राजा म्हणून तो कसा होता? इथे अस्सल कागद आहेत : जानेवारी ते फेब्रुवारी १४८४ या काळात भरलेल्या पार्लमेंटचे कायदे. त्यात ‘बेनेव्हलन्स’ बंद केला. हा म्हणजे नावाला राजाला दिलेली खुशीची देणगी, प्रत्यक्षात सक्तीची वसुली. त्याच्या भावाने ही प्रथा पाडली होती. नुसत्या संशयावरून धरलेल्या माणसाला जामीन मिळण्याची सोय केली आणि गुन्हा शाबीत होण्याआधी त्याची मालमत्ता जप्त करायला बंदी केली. ज्यूरीत बसणाऱ्याकडे थोडीतरी स्वतःची जमीन हवी असा नियम केला, म्हणजे त्याला विकत घेणं जरा अवघड व्हावं. परदेशी व्यापाऱ्यांवर निर्बंध घातले, पण पुस्तकं आणणाऱ्या, विकणाऱ्या, छापणाऱ्या परदेशी लोकांना त्यातून वगळलं. ज्या देशात छपाई येऊन दहा वर्षंही झाली नव्हती तिथे ही सवलत आहे. त्याच वर्षी उत्तरेसाठी वेगळी परिषद नेमली, आणि ती पुढे दीडशेहून जास्त वर्षं चालली.

हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की १४८५ च्या सुरुवातीला हेन्रीच्या स्वारीची चाहूल लागली तेव्हा पैसा संपला आणि याच राजाने धनिकांकडे सक्तीची कर्जं मागायला माणसं पाठवली. कायद्यात बसतं की नाही यावर तेव्हाही कुरकुर झाली.

यॉर्क शहराच्या नोंदवहीत बॉसवर्थच्या दुसऱ्या दिवशी, २३ ऑगस्ट १४८५ ला, राजा दगाबाजीने मारला गेल्याबद्दल आणि शहराला झालेल्या दुःखाबद्दल नोंद आहे. नवा राजा जिंकून येत असताना अशी नोंद करायला छाती लागते. उत्तरेत तो खरोखर आपला माणूस होता; वर्षानुवर्षं त्याने तिथले तंटे सोडवले होते. दक्षिणेत नेमकं उलट. ऑक्टोबर १४८३ मध्ये दक्षिणेतल्या सरदारांनी बंड केलं. ते मोडल्यावर रिचर्डने त्यांच्या जमिनी आणि हुद्दे उत्तरेकडच्या आपल्या माणसांना वाटले. केंट-डेव्हनच्या लोकांना हे परके अंमलदार डोक्यावर बसवल्यासारखे वाटले. म्हणजे चांगला राजा की वाईट राजा, याचं उत्तर तुम्ही कुठल्या परगण्यात राहता यावर अवलंबून होतं.

आता हेन्री. त्याच्याकडे इतिहासकार मान देऊन बघतात, पण प्रेमाने कुणी बघत नाही. जन्म २८ जानेवारी १४५७, पेम्ब्रोकच्या किल्ल्यात. बाप आधीच वारलेला. आई मार्गारेट बोफोर्ट तेरा वर्षांची. होय, तेरा. तिला पुढे मूल झालं नाही. चौदाव्या वर्षी हेन्री देश सोडून पळाला आणि पुढची चौदा वर्षं ब्रिटनीत आणि फ्रान्समध्ये, आज हा ड्यूक आपल्याला विकेल की उद्या तो, या भीतीत काढली. गादीवर त्याचा हक्क आईकडून, बोफोर्ट घराण्याचा. आणि ते घराणं औरस ठरवून घेतलं गेलं असलं तरी गादीसाठी अपात्र असल्याचा चौथ्या हेन्रीचा १४०७ चा शेरा होता. तेव्हा रिचर्डने गादी बळकावली असं म्हणताना हेन्रीचा हक्क त्याहून पातळ होता, हे विसरता येत नाही.

त्याने पहिलं काम काय केलं? बॉसवर्थची लढाई २२ ऑगस्टची. हेन्रीने आपलं राज्य सुरू झाल्याची तारीख धरली २१ ऑगस्ट! म्हणजे जे लोक २२ तारखेला अभिषिक्त राजाच्या बाजूने लढले ते सगळे एका फटक्यात राजद्रोही, आणि त्यांच्या जमिनी सरकारजमा. कागदाची करामत आहे ही. क्रोलंडचा वृत्तांतकार, जो रिचर्डचा मुळीच मित्र नव्हता, तोही विचारतो, की असं असेल तर यापुढे राजाच्या हाकेला ओ देणाऱ्या प्रजेने कोणत्या भरवशावर यायचं? पण १४९५ मध्ये याच हेन्रीच्या पार्लमेंटने कायदा केला, की गादीवर असलेल्या राजाची चाकरी केली म्हणून पुढे कुणाला राजद्रोही ठरवायचं नाही. दहा वर्षांनी का होईना, प्रश्नाचं उत्तर आलं. ज्याने ती सोय स्वतः वापरून घेतली होती त्याच्याकडून आलं, एवढंच.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पुतणे अनौरस असल्याचं रिचर्डच्या पार्लमेंटने ‘टायट्युलस रेजियस’ नावाच्या कायद्यात नोंदवलं होतं. कारण दिलं होतं की एडवर्डने त्यांच्या आईशी लग्न करण्याआधी एलेनर बटलर नावाच्या बाईला लग्नाचं वचन दिलं होतं, आणि त्या काळच्या धर्मकायद्यात ते वचन लग्नाइतकंच बांधील होतं. हेन्रीने हा कायदा सभागृहात न वाचताच रद्द करवला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. जवळ ठेवेल त्याला कैद आणि दंड. का? कारण त्याला एडवर्डच्या थोरल्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न करायचं होतं, आणि राणी अनौरस चालणार नव्हती. पण गोम अशी, की बहीण औरस झाली की भाऊही औरस झाले. आणि ते जिवंत असतील तर इंग्लंडचा खरा राजा हेन्री नव्हेच, पाचवा एडवर्ड. म्हणून मुलं मेलेली असणं हेन्रीच्या फायद्याचं होतं. त्यावर बोलणं मात्र फायद्याचं नव्हतं. १४८५ मध्ये त्याने रिचर्डवर पार्लमेंटमध्ये जे आरोपपत्र आणलं त्यात बालकांचं रक्त सांडल्याचा एक मोघम उल्लेख आहे. मुलांची नावं नाहीत, जागा नाही, मारेकरी नाही. जो सर्वांत मोठा आरोप, तोच ओझरता.

याच मौनावरून क्लेमंट्स मार्कहम यांनी १९०६ मध्ये रिचर्डवर पुस्तक लिहून ठोकून दिलं की मुलांना हेन्रीनेच मारलं. हे मार्कहम म्हणजे दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपं भारतात आणण्याची मोहीम चालवणारे, निलगिरीत ज्यांचं नाव निघतं ते. कामाचा माणूस. पण इथे त्यांनी तराजूचाच खेळ केला. हेन्री गप्प राहिला म्हणून तोच खुनी, याला पुरावा म्हणत नाहीत. मुलं १४८५ पर्यंत इंग्लंडमध्ये जिवंत होती असं दाखवणारा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता.

हेन्रीचं जमेला काय धरायचं? बरंच. त्याने चोवीस वर्षं राज्य केलं आणि अंथरुणावर मेला. त्याच्या आधीच्या चौघांपैकी हे फक्त चौथ्या एडवर्डला जमलं होतं. १४८७ मध्ये लँबर्ट सिम्नेल नावाच्या दहाबारा वर्षांच्या पोराला बंडखोरांनी डब्लिनमध्ये मुकुट घातला आणि सैन्य घेऊन आले. स्टोकच्या लढाईत ते हरले. हेन्रीने त्या पोराला मारलं नाही. स्वयंपाकघरात मांस भाजायच्या सळया फिरवायला ठेवलं. पुढे तो राजाचे बहिरी ससाणे सांभाळू लागला. यात थोडी थट्टा आहे, पण पोराचा जीव वाचला.

मग उतारवयातला हेन्री येतो. बायको आणि थोरला मुलगा गमावलेला, स्वतः आजारी, जमाखर्चाच्या वह्यांवर पानोपानी सह्या करणारा. त्याचं हत्यार तलवार नव्हतं, मुचलका होतं. बड्या सरदाराकडून लिहून घ्यायचं, की मी नीट वागेन, आणि नाही वागलो तर राजाला अमुक हजार पौंड देणं लागेन. नीट म्हणजे काय, हे राजा ठरवणार. त्याच्या कारकिर्दीत सरदारांची बासष्ट घराणी होती. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश कधी ना कधी अशा मुचलक्यांखाली किंवा जप्तीच्या टांगत्या तलवारीखाली होती. १५०७ मध्ये लॉर्ड बर्गवेनीला बेकायदा माणसं पदरी ठेवल्याबद्दल ७०,६५० पौंडांचा दंड सांगितला. राजाचं सगळ्या वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आसपास! एवढी रक्कम कुणी भरणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तो कायमचा मुठीत राहिला म्हणजे झालं. रिचर्डने बंद केलेली बेनेव्हलन्सची वसुलीही हेन्रीने १४९१ मध्ये पुन्हा सुरू केली होती.

हेन्री एप्रिल १५०९ मध्ये वारला. तीनेक दिवसांत त्याचे वसुलीदार एम्पसन आणि डडली तुरुंगात गेले आणि पुढच्या वर्षी त्यांची डोकी उडाली. डडलीने टॉवरमध्ये बसून एक यादी केली : राजाच्या वतीने कुणाकुणाला नाहक नाडलं, त्याची. चौऱ्याऐंशी प्रकरणं आहेत. मरायला टेकलेल्या कारकुनाची ही कबुली आम्हाला सगळ्या बखरींपेक्षा मोलाची वाटते. आणि नव्या राजाच्या राज्याभिषेकावर लॅटिन कविता करून, गुलामीचे दिवस संपले असं म्हणणारा कवी कोण? तोच टॉमस मोर. रिचर्डला काळा रंग फासणाऱ्याचं हेन्रीबद्दलही फारसं बरं मत नव्हतं. हे शाळेत कुणी सांगत नाही.

आता मूळ प्रश्न : टॉवरमधल्या मुलांचं काय झालं? आमचं मत सांगतो. ती १४८३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात मारली गेली असावीत, आणि जबाबदारी रिचर्डची. मोरची रसभरीत गोष्ट बाजूला ठेवली तरी दोन गोष्टी उरतात. ऑक्टोबर १४८३ च्या बंडात चौथ्या एडवर्डचे जुने नोकर होते, राणीचे माहेरचे लोक होते. मुलं जिवंत आहेत असं वाटत असतं तर हे लोक त्यांच्यासाठी लढले असते. ते वळले ब्रिटनीतल्या त्या निर्वासित ट्यूडरकडे, आणि अट घातली की त्याने मुलांच्या बहिणीशी लग्न करावं. दुसरं असं, की मुलं मेल्याची अफवा रिचर्डला बुडवत होती आणि त्याला ती एका दिवसात खोटी पाडता आली असती. मुलांना रस्त्यावरून फिरवायचं. त्याने फिरवलं नाही.

उलट बाजूचा मुद्दाही लहान नाही. मार्च १४८४ मध्ये मुलांची आई चर्चचा आश्रय सोडून मुलींसह बाहेर आली आणि रिचर्डच्या स्वाधीन झाली. मुलांच्या खुन्याच्या हाती आई मुली देईल का? पण त्यासाठी रिचर्डला सरदारांसमोर आणि लंडनच्या महापौरासमोर शपथ घ्यावी लागली, आणि तिच्यात असं आहे, की मुलींना टॉवरमध्ये ठेवणार नाही. ही अट कुणी घालायला लावली असेल, याचा विचार करा.

सर जेम्स टिरेलने १५०२ मध्ये कबुली दिली असं मोर सांगतो. ती कबुली कागदावर कुठेच नाही. पण २०२० मध्ये टिम थॉर्नटन या इतिहासकाराने दाखवलं, की मोरने मारेकरी म्हणून नाव घेतलेल्या माइल्स फॉरेस्टचे मुलगे आठव्या हेन्रीच्या चाकरीत होते आणि मोरच्या कामाच्या वर्तुळात वावरत होते. म्हणजे मोरची गोष्ट अगदीच हवेतली नसावी. याउलट २०२३ मध्ये लीलमधलीच १४८७ ची एक पावती पुढे आली : एडवर्ड राजाच्या मुलासाठी घेतलेल्या चारशे लांब भाल्यांची. बंडखोरांचे पाठीराखे त्या पोराला काय म्हणत होते, हे तिच्यावरून कळतं. तो खरा कोण होता, हे कळत नाही. १६७४ मध्ये टॉवरच्या जिन्याखाली सापडलेली हाडं वेस्टमिन्स्टर ॲबेत संगमरवरी कलशात आहेत. १९३३ मध्ये ती एकदा पाहिली गेली. डीएनए तपासणीला आजवर परवानगी मिळालेली नाही.

पण शीर्षकात आम्ही तीन मुलं म्हटलं आहे. तिसरा राहिला.

त्याचं नाव एडवर्ड, वॉरिकचा अर्ल. रिचर्डच्या मधल्या भावाचा, क्लॅरन्सचा मुलगा. बापाला राजद्रोहासाठी मारलं तेव्हा हा नुकताच तीन वर्षांचा होत होता. यॉर्क घराण्याचा पुरुषवंशातला वारस म्हणून रिचर्डलाही याची अडचण होती. बापावरच्या ठपक्यामुळे वारसाहक्क गेला असं ठरवून त्याने त्याला बाजूला केलं. मात्र १४८३ मध्ये यॉर्कला त्याला नाइट केलं आणि उत्तरेत शेरिफ हटनच्या किल्ल्यात ठेवलं. जिवंत ठेवलं. बॉसवर्थनंतर हेन्रीने पहिल्या काही दिवसांतच माणूस पाठवून दहा वर्षांच्या या पोराला आणवलं आणि टॉवरमध्ये घातलं. सिम्नेलच्या बंडात ‘खरा वॉरिक हा आहे’ हे दाखवायला एकदा सेंट पॉल्सपर्यंत फिरवून आणलं, की परत आत. मुलगा आत वाढला. माणसांची, जनावरांची संगत नाही, त्यामुळे हंस कोणता आणि कोंबडा कोणता हेही त्याला सांगता येत नसे, असं पुढच्या पिढीतल्या एडवर्ड हॉलने लिहिलं आहे.

१४९९ मध्ये, टॉवरमध्येच असलेल्या पर्किन वॉरबेक या तोतयाबरोबर कट केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला. त्याने गुन्हा कबूल केला. काय कबूल करतोय हे त्याला कितपत कळलं, देव जाणे. २८ नोव्हेंबरला त्याचं डोकं उडवलं. वय चोवीस, त्यातली चौदा वर्षं कोठडीत. रीतसर न्यायालय, रीतसर निकाल, रीतसर कागद. स्पेनच्या राजकन्येचं हेन्रीच्या मुलाशी लग्न ठरत होतं, आणि जानेवारी १५०० मध्ये स्पेनचा वकील घरी कळवतो, की आता इंग्लंडमध्ये संशय घ्यावा असं राजरक्त उरलेलं नाही.

रिचर्डच्या पुतण्यांवर शेक्सपिअरपासून आजच्या माहितीपटांपर्यंत किती लिहिलं गेलं, त्याची मोजदाद नाही. वॉरिकला बिशमच्या मठात आईच्या घराण्याच्या लोकांशेजारी पुरलं. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात मठच गेला. त्याची बहीण मार्गारेट पोल त्याच्यामागे बेचाळीस वर्षं जगली, आणि १५४१ मध्ये हेन्रीच्या मुलाने तिचंही डोकं उडवलं. तिच्यापासून पुढच्या वेळी सुरुवात करू.